सात बरगड्या: ट्रॉली आणि भिंतीच्या मध्ये सापडलेल्या छातीचं एक प्रकरण

जानेवारीतली पहाट होती, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात. सांगली जिल्ह्यातल्या एका वस्तीवर जनावरांसाठी वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, भरून आणलेली ट्रॉली गोठ्याकडे मागं घ्यायची होती. ट्रॅक्टरवर मुलगा होता आणि 66 वर्षांचे वडील मागं उभे राहून हातानं खुणा करत होते. धुकं होतं, जमीन दवानं ओली होती. त्यांचा पाय घसरला आणि ट्रॉलीची फळी व गोठ्याची दगडी भिंत यांच्यामध्ये छातीची डावी बाजू सापडली. दाब आला तो दोन-तीन सेकंदांचाच.

मी भूलतज्ज्ञ आहे. त्या दिवसापासून ते घरी गेले त्या दिवसापर्यंत, आणि नंतरही, मी त्यांना पाहत आले. हे प्रकरण लिहायला त्यांनी आणि घरच्यांनी आनंदानं होकार दिला. ओळख पटेल असं इथं काही ठेवलेलं नाही. बरगड्या मोडणं म्हणजे काय, त्या धातूच्या प्लेटा लावून जोडायच्या कधी आणि जोडल्यावर पुढं काय, याबद्दल आपल्याकडे अजून बरेच गैरसमज आहेत. या एका माणसाच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक गैरसमज वाटेत आडवा आला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ते आमच्याकडे पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. आधी तालुक्याच्या ठिकाणी छातीत नळी घातली होती, आणि ती घातली म्हणूनच ते जिवंत पोचले. तिच्यातून हवा आणि सुमारे पाऊण लिटर रक्त बाहेर आलं होतं. पण नळी पडायच्या आधीच वस्तीवरच्या कुणीतरी, अगदी मायेनं, छातीभोवती क्रेप बँडेजचे वेढे घट्ट आवळून बांधले होते, आणि नळी घालतानाही ते जेमतेम वर सरकवले गेले होते. मोडलेलं हाड बांधून ठेवायचं हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं शहाणपण आहे. हातापायाला ते लागूही पडतं. छातीला पडत नाही. छाती बांधली की श्वास उथळ होतो, खालच्या भागातलं फुप्फुस मिटत जातं, कफ साचतो आणि चार दिवसांत न्यूमोनिया उभा राहतो.

मी कातर घेऊन ते बँडेज कापलं आणि डाव्या कुशीवर हात ठेवला. दोन गोष्टी एकदमच हाताला कळल्या. कातडीखाली हवा शिरली होती, चुरमुऱ्यांच्या पिशवीवर बोट दाबावं तशी कुरकुर लागत होती. आणि ते श्वास आत घेत तेव्हा सगळी छाती वर यायची, पण माझ्या तळव्याखालचा, साधारण तळव्याएवढाच तुकडा आत जायचा. श्वास सोडला की तो तुकडा बाहेर यायचा. उलटा श्वास. लागोपाठच्या तीन किंवा त्याहून जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या की मधला भाग पिंजऱ्यापासून सुटा होतो आणि असा उलटा हलायला लागतो. इंग्रजीत याला फ्लेल चेस्ट म्हणतात. पुस्तकात वाचलेलं एकदा हाताला लागलं की पुन्हा विसरता येत नाही.

मास्कमधून ऑक्सिजन चालू असतानाही रक्तातला ऑक्सिजन 88 टक्के होता आणि श्वास मिनिटाला 34. सीटी स्कॅनमध्ये डावीकडच्या तिसरीपासून नववीपर्यंत सात बरगड्या मोडलेल्या दिसल्या. त्यातल्या चौथी ते आठवी या पाच दोन-दोन ठिकाणी तुटल्या होत्या आणि काही टोकं एकमेकांवर चढली होती. फुप्फुसाला मार लागून त्याचा खालचा भाग रक्तानं माखला होता, शिवाय छातीत थोडं गोठलेलं रक्त. प्लीहा शाबूत होती, डोक्याला मार नव्हता. मधुमेह होता. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला होता, त्यासाठी अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या रोज चालू होत्या. या दुसऱ्या गोळीनं पुढचे तीन दिवस आमची झोप उडवली.

बरगड्यांच्या मारात माणूस बहुतेक वेळा हाडामुळं जात नाही. हाडाच्या वेदनेमुळं तो श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि त्यानं जातो. तरुण माणूस हे निभावून नेतो. वय झालेल्याला ते जड जातं. सिएटलच्या डॉक्टरांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 65 वर्षांच्या पुढच्या रुग्णांमध्ये मोडलेल्या प्रत्येक जास्तीच्या बरगडीमागं मृत्यूचा धोका 19 टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा 27 टक्क्यांनी वाढत गेलेला दिसला होता. आमच्यासमोर 66 वर्षांचा माणूस होता आणि सात बरगड्या होत्या.

म्हणून पहिलं काम दुखणं थांबवायचं. एरवी अशा वेळी मी पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून औषध देते, पण क्लोपिडोग्रेल चालू असताना तिथं रक्त साचून पाय लुळे पडण्याची भीती असते. ते शक्यच नव्हतं. त्याऐवजी सोनोग्राफीत पाहत पाठीच्या स्नायूच्या खाली, मणक्याच्या आडव्या हाडावर नळी ठेवली आणि पंपानं बधिर करणारं औषध सतत सोडत ठेवलं. इरेक्टर स्पायनी ब्लॉक म्हणतात याला. ही पद्धत 2016 सालीच पहिल्यांदा मांडली गेली. गेल्या काही वर्षांत भूलशास्त्रात आलेल्या गोष्टींमध्ये लहान गावातल्या रुग्णाचं इतकं भलं करणारी दुसरी मला चटकन आठवत नाही. जोडीला सलाइनमधून पॅरासिटामॉल, अगदी थोडं फेंटानिल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक, आणि नाकातून जोरानं वाहणारा गरम, दमट ऑक्सिजन. अर्ध्या तासात श्वास 34 वरून 24 वर आला. काका पहिल्यांदा नीट बोलले, "आता जरा हलकं वाटतंय बघा."

मुलगा आयसीयूच्या दाराशी उभा होता. मी बाहेर आल्यावर त्यानं वडील कसे आहेत हे विचारलंच नाही. एवढंच म्हणाला, "रिव्हर्स मीच घेत होतो, मॅडम." पुढं काही बोलला नाही. मीही नाही.

ऑपरेशन करायचं की नाही

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र गाडी घसरायला लागली. मार लागलेलं फुप्फुस पहिल्या एक-दोन दिवसांत आणखी सुजतं, आणि सुटा झालेला तुकडा प्रत्येक श्वासाला उलटी ओढ देत असतो. दुखणं आटोक्यात होतं, पण काका दमत चालले होते. तपासणीत रक्तातला कार्बन डायऑक्साइड 52 आला, जो 35 ते 45 असायला हवा. दम लागून माणूस झोपाळतो, वरवर शांत दिसतो. नातेवाइकांना वाटतं आराम पडला. खरं तर तीच वेळ धोक्याची असते.

छातीचे सर्जन आणि हाडांचे डॉक्टर दोघंही प्लेटा लावायच्या मताचे होते. मी थांबायच्या बाजूची होते, आणि त्याची कारणं आजही मला पोकळ वाटत नाहीत. क्लोपिडोग्रेलचा परिणाम उतरायला पाच ते सात दिवस लागतात. वय, मधुमेह, स्टेंट. शिवाय प्लेटांनी हाड जुळतं, मार लागलेलं फुप्फुस बरं होत नाही. ते आपल्या वेळेनंच बरं होतं. सूज अगदी वर असताना माणसाला कुशीवर वळवून तीन तासांची भूल द्यायची, हे पाऊल छोटं नव्हतं.

इथं थोडं मागं जायला हवं, कारण या प्रश्नावर वैद्यकशास्त्रानंही बऱ्याच कोलांट्या घेतल्या आहेत. एकेकाळी सुट्या झालेल्या बरगडीत टॉवेल क्लिप, म्हणजे टोकदार चिमटा, अडकवून, दोरीनं वजन टांगून ती बाहेर ओढून धरत. 1956 च्या सुमारास व्हेंटिलेटरनं आतून हवा भरून पिंजरा स्थिर ठेवायची कल्पना आली आणि असे रुग्ण आठवडेच्या आठवडे यंत्रावर ठेवले जाऊ लागले. 1975 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की नीट वेदनाशमन आणि छातीची काळजी घेतली तर अनेकांना यंत्र लागतच नाही. प्लेटांचा जमाना त्यानंतरचा. 2002 मध्ये जपानमध्ये 37 रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीत ऑपरेशन झालेल्यांचे यंत्रावरचे दिवस आणि न्यूमोनिया दोन्ही बरेच कमी दिसले. 2022 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या 207 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत फरक इतका ठसठशीत नव्हता. यंत्राविना गेलेल्या दिवसांत थोडीच तफावत होती, पण ऑपरेशन झालेल्यांमध्ये एकही मृत्यू नव्हता आणि न झालेल्यांमध्ये सहा होते. फायदा मुख्यतः जे आधीच व्हेंटिलेटरवर होते त्यांच्यात दिसला. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियात, जे व्हेंटिलेटरवर नव्हते अशांवर झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनंतरच्या दुखण्यात काही फरक पडला नाही.

म्हणजे पुस्तक उघडून उत्तर मिळावं असा हा प्रश्न नाही. बरगडी मोडली की प्लेट, असं मुळीच नसतं. बहुतेक बरगड्या नुसत्या वेदनाशमनावर आणि श्वासाच्या व्यायामावर सहा ते आठ आठवड्यांत जुळून येतात. पिंजरा खरोखर सुटा झाला असेल, टोकं एकमेकांवर चढली असतील, आणि सगळं नीट करूनही माणूस थकत चालला असेल, तेव्हा प्लेटांचा विचार. आणि तो करायचा तर लवकर, शक्यतो 72 तासांच्या आत. उशीर झाला की सूज, चिकटलेलं रक्त आणि जंतू तिघंही वाट अडवतात.

माझं मत बदललं ते त्या रात्री दोन वाजता. श्वासाच्या व्यायामाचं स्पायरोमीटर हे यंत्र असतं, श्वास आत ओढला की त्यातल्या तीन गोळ्या वर उचलल्या जातात. त्यातली पहिली गोळी सकाळी अर्ध्यापर्यंत उचलली जात होती, ती आता हलेना. मी त्यांना खोकायला सांगितलं. त्यांनी तोंड उघडलं, गळ्यात जरासा आवाज झाला, बस. ज्याला खोकता येत नाही तो दोन दिवसांत व्हेंटिलेटरवर जाणार, हे इतक्या वर्षांच्या ड्युटीनं शिकवलेलं आहे. आणि या वयात एकदा यंत्रावर गेले की सुटका कधी हे कुणालाच सांगता येत नाही. मी सर्जनना फोन करून सांगितलं, सकाळी घेऊया.

हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल थांबवायला आणि अॅस्पिरिन चालू ठेवायला संमती दिली. स्टेंट जुना असल्यामुळं ते जमण्यासारखं होतं. रक्तपेढीतून प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, मागवून ठेवल्या. नातेवाइकांसमोर सगळं मांडलं, जीव जाण्याची शक्यतासुद्धा. धाकट्या भावानं खर्चाचा कागद बघून विचारलं, "सहा प्लेटांच्या जागी चार टाकल्या तर चालतील का?" हा प्रश्न कंजूषपणाचा नव्हता. घरात दुभती जनावरं होती, सोसायटीचं कर्ज होतं. सर्जननी त्याला बाकावर बसवून कागदावर बरगड्या काढून दाखवल्या. कोणत्या सोडता येतील आणि कोणत्या सोडल्या तर ऑपरेशन करून न केल्यासारखं होईल, ते समजावलं. अशा वेळी दहा मिनिटं बसून बोलणारा सर्जन मला हातानं तरबेज असलेल्या सर्जनाइतकाच मोलाचा वाटतो.

ऑपरेशन

अपघातानंतर साधारण 52 तासांनी काकांना उजव्या कुशीवर वळवलं. दोन्ही फुप्फुसं वेगवेगळी चालवता येतील अशी दुहेरी नळी मी श्वासमार्गात टाकली होती. आधी दुर्बिणीतून छातीत डोकावून साचलेलं, गोठलेलं रक्त काढलं, सुमारे 400 मिली. चौथ्या बरगडीचं टोक फुप्फुसाच्या आवरणाला टोचत होतं, बाभळीच्या काट्यासारखं. दर श्वासाला ते तिथं घासत असणार. दोन दिवस हा माणूस ज्या कण्हण्याच्या तालावर श्वास घेत होता, त्या तालाचं कारण पडद्यावर दिसत होतं.

मग कातडीवर छेद. पूर्वी अशा ऑपरेशनला पाठीचे मोठे स्नायू आडवे कापत आणि मग रुग्णाचा हात महिनोन्महिने वर जात नसे. आता स्नायू न कापता बाजूला सारतात, किंवा त्याच्याच धाग्यांच्या रेषेत फाकवतात. जागा कमी मिळते, सर्जनच्या हातांना त्रास होतो, रुग्णाच्या हाताचा त्रास वाचतो. तिसरी बरगडी खांद्याच्या फऱ्याखाली दडलेली होती, नववी फारशी हललेली नव्हती. त्या दोन्ही सोडायच्या हे आधीच ठरलं होतं. चौथी ते आठवी या पाचही बरगड्या पुढच्या मोडीवर जोडायच्या आणि सहावीची मागची मोडसुद्धा, कारण तिथली टोकं एकमेकांवर चढली होती. म्हणून प्लेटा सहा.

बरगडी हे हाड साधं दिसतं, पण जोडायला अवघड. ते वाकलेलं आहे, जरा पीळ घेतलेलं आहे, जेमतेम सेंटिमीटरभर जाड आहे, आणि श्वास चालू आहे तोवर ते थांबत नाही. शिवाय प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला धमनी, शीर आणि मज्जातंतू चिकटून धावतात. स्क्रू किंवा चिमटा तिथं घसरला तर रक्त तरी वाहतं, नाहीतर पुढं आयुष्यभर चिणचिण राहते. सर्जन आधी कॅलिपरनं हाडाची जाडी मोजत, त्याप्रमाणं स्क्रूची लांबी निवडत. टोक आतल्या बाजूला फार बाहेर आलं तर ते फुप्फुसाला टोचणार. टायटॅनियमची प्लेट बरगडीच्या बाकावर टेकवायची, हाडं दोन चिमट्यांनी ओळीत धरायची आणि प्रत्येक बाजूला तीन-तीन स्क्रू. हे स्क्रू प्लेटमध्येच आटे बसून घट्ट होतात, त्यामुळं बरगडीसारख्या मऊ हाडातही पकड सुटत नाही. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, पुढं एमआरआय करायला अडचण येत नाही, आणि त्रास नसेल तर प्लेट कधी काढावीही लागत नाही. नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून इथं लिहिते.

पाचव्या बरगडीला रक्त सुटलं. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. सर्जननी बोटानं दाबून धरलं, मी प्लेटलेटची पिशवी सोडली, धमनी सापडली, टाका बसला.

माझी जागा डोक्याकडे, पडद्याच्या अलीकडे. जखम तिथून पुरती दिसत नाही, पण यंत्रावरचे आकडे दिसतात. सुरुवातीला दोन्ही फुप्फुसांना ठरावीक दाबानं हवा दिली तेव्हा प्रत्येक श्वासाला 380 मिली जात होती. सहावी प्लेट बसल्यावर, गोठलेलं रक्त निघून गेल्यावर, दुहेरी नळीची दोन्ही तोंडं पुन्हा उघडली आणि तोच दाब दिला. आकडा 470 वर गेला. मी पडद्यावरून वाकून पाहिलं. सुटा झालेला तो तळव्याएवढा तुकडा आता बाकीच्या छातीबरोबर वर येत होता आणि बरोबर खाली जात होता.

खरं काम इथून पुढं

रात्रभर यंत्रावर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता श्वासमार्गातली नळी काढली. पहिल्याच तासात आमच्या फिजिओथेरपिस्टनी त्यांना बसतं केलं. उशी छातीशी दाबून धरायची आणि खोकायचं. काका खोकले. दाट, जुन्या रक्ताच्या गुठळ्या असलेला कफ पडला. आयसीयूतल्या सिस्टर एरवी इतक्या खूश होतात त्या फक्त कुणाला घरी सोडताना.

पण स्पायरोमीटर काही जमेना. या यंत्रात तीन गोळ्या असतात, 600, 900 आणि 1200 अशा खुणांच्या. श्वास आत ओढायचा, गोळ्या वर जातात, त्या तशाच धरून ठेवायच्या. आपल्याकडे निम्म्याहून अधिक माणसं हे यंत्र हातात आलं की फुगा फुगवावा तशी त्यात फुंकतात. नळी आणि गोळ्या दिसल्या की फुंकायचीच वस्तू वाटते. काकाही फुंकत होते, आणि मग दमून ते बाजूला ठेवत होते. आम्ही "आत ओढा, आत" असं चार वेळा सांगितलं.

शेवटी मुलगा पुढं झाला. तीन दिवसांत तो वडिलांशी धड बोलला नव्हता. म्हणाला, "दादा, टाकीतनं डिझेल काढताना नळी तोंडानं वढता का न्हाई, तसं वढा. घाई केली तर तोंडात येतंय, तसं. सावकाश." काकांनी त्याच्याकडे बघितलं, नळी तोंडात धरली आणि सावकाश ओढली. पहिली गोळी वर गेली आणि थांबली. दुसरी थरथरली. शिकवण्याचे आमचे सगळे तक्ते, चित्रं आणि व्हिडिओ एका वाक्यानं मागं टाकले. ते वाक्य मी त्या दिवसापासून शेतकरी रुग्णांना वापरते.

त्यानंतर मुलानं दर तासाला वडिलांना दहा वेळा "वढायला" लावायचं व्रतच घेतलं. छोट्या वहीत रेघा मारून ठेवायचा. दोघांमधलं अवघडलेपण कुणी बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी काका ड्रेनची, म्हणजे छातीतल्या नळीची, बाटली कमरेच्या खाली धरून आयसीयूत पाच पावलं चालले, तेव्हा बाटली मुलाच्या हातात होती आणि काका त्याला "नीट धर, वर उचलू नगो" म्हणून रागावत होते.

सगळं सरळ गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप आला, कफाचा रंग बदलला, प्रतिजैविक बदलावं लागलं. साखर 300 च्या घरात गेली, इन्सुलिनचा पंप लावला. फेंटानिलनं पोट गच्च झालं होतं, आणि शौचाला जोर करावा लागला तर बरगड्यांवर ताण येतो, म्हणून साधं रेचक हे त्या आठवड्यातलं महत्त्वाचं औषध ठरलं. रक्त पातळ करणारं इंजेक्शन आणि पाठीतली नळी काढण्याची वेळ यांचा मेळ घालायला मी वेगळा कागदच करून पलंगाला लावला होता. पाचव्या दिवशी ड्रेन निघाला आणि दहाव्या दिवशी ते घरी गेले.

घरी गेल्यावर जे झालं त्यात माझा वाटा आहे, तो लिहिलाच पाहिजे. आम्ही सोडताना औषधं समजावली, टाक्यांची तारीख दिली. पण गावात पोचल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण काय सांगणार, याची तयारी त्यांच्याकडून करून घेतली नाही. "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, हलू नगा, पडून ऱ्हावा." पंधरा दिवस काका पडून राहिले. स्पायरोमीटर कपाटात गेलं. मुलाचा हंगाम पुन्हा सुरू झाला होता, तो रात्री-अपरात्री कारखान्याच्या रांगेत. घरी गेल्यापासून एकविसाव्या दिवशी ते धाप लागून परत आले. एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाखाली पाणी. सोनोग्राफीत पाहून सुईनं 600 मिली काढलं, जुन्या रक्ताच्या रंगाचं. प्लेटा जागच्या जागी होत्या, हाडांनी काही कुरकुर केली नव्हती. श्वास मात्र पुन्हा आखडला होता.

या वेळी काकूंना समोर बसवलं. रोज काय करायचं ते त्यांना सांगितलं, कारण घरात त्यांचं ऐकलं जातं. झोपताना पाठीमागं दोन उशा किंवा आरामखुर्ची, सपाट नको. सकाळ-संध्याकाळ वस्तीच्या वाटेनं चालायचं, रोज थोडं पुढं. यंत्र दर दोन तासांनी. डावा हात भिंतीवर बोटांनी चढवत न्यायचा, नाहीतर खांदा धरतो. तीन महिने मोळी नाही, पोतं नाही, बादलीसुद्धा नाही. काकूंनी विचारलं, "आणि हळद-दूध?" म्हटलं, "द्या की, पण चालून आल्यावर."

दुखणं पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही. डाव्या स्तनाग्राच्या खाली तळव्याएवढी जागा बधिर राहिली. काका म्हणतात तिथं बंडी घातलीय का नाही ते कळत नाही. मज्जातंतू तिथून जातो, मारानं किंवा ऑपरेशननं तो दुखावला असणार. यातलं काही हळूहळू परत येतं, काही येत नाही. सोडलेली नववी बरगडी पहिले दोन महिने वळताना टकटक आवाज करायची. ते ऐकून घरचे घाबरायचे, मग ती आपोआप जुळून शांत झाली. रात्रीची चिणचिण थांबवायला दोन महिने मज्जातंतूंवरची गोळी द्यावी लागली. थंडीत डावी बाजू अजून जड वाटते.

तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेमध्ये सगळ्या बरगड्या जुळलेल्या दिसल्या. सहाव्या महिन्यात ते तपासायला आले तेव्हा तिसरी गोळी वर गेली आणि तीन सेकंद वर राहिली. ट्रॅक्टर पुन्हा चालवतात. ट्रॉली मागं घ्यायची वेळ आली की आता मुलगा आधी खाली उतरून मागं बघून येतो, आणि मागं कुणालाच उभं राहू देत नाही.

मी विचारलं, यंत्र अजून आहे का. काकू हसल्या. म्हणाल्या, सोप्यातल्या खुंटीला टांगलंय, नातू येता-जाता काढून घेतो आणि जोरजोरात फुंकतो. मग ह्यांचं आपलं खाटेवरनं सुरू होतं: "फुंकू नगो रं, वढ. सावकाश वढ."